कडोलीचा होकार

अनगोळ, बेळगाव
सोमवार, ता. ११ जानेवारी १९३७

प्रिय परश्या,

तुला नमस्कार लिहावा की नेहमीसारखी शिवी हासडावी हे ठरेना, म्हणून दोन्ही राहू देतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझं पत्र पोचलं. सारनाथला थंडीनं कानशिलं दुखतात म्हणतोस, आणि अजून डोक्यावर केस आहेत. ते गेल्यावर काय करणार आहेस? आईनं तुझ्यासाठी कानटोपी विणायला घेतली आहे. भिक्षूंना कानटोपी चालते का, ते विहारातल्या तुमच्या वडील थेरांना विचारून कळव.

माझ्याकडे नवीन काही नाही. आमचे आप्पा कचेरीतून आले की चपला काढता काढता विचारतात, "काही पत्र?" मी म्हणतो, "नाही." मग ते पाय धुवायला जातात. रेल्वेचं उत्तर नाही, स्कूल बोर्डाचं नाही. कोर्टात बिनपगारी उमेदवार म्हणून बसा म्हणतात, तर तिथंही आधीपासून रांग लागलेली. निपाणीच्या मामांनी लिहिलं आहे की तंबाखूच्या वखारीत कारकुनाची जागा निघण्याजोगी आहे. मला तर निपाणीचं नाव काढलं तरी शिंक येते. मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही. गावात निवडणुकीची धामधूम आहे. ज्याला त्याला आमच्यासारख्या रिकाम्या पोरांची भारी गरज पडली आहे, चिठ्ठ्या वाटायला.

संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकाकाठी आपल्या जागेवर जाऊन बसतो. श्वास आत, श्वास बाहेर. तू शेजारी असायचास तेव्हा निदान तुझं नाक वाजलेलं ऐकू यायचं. आता आत जाताना 'पुढं' आणि बाहेर येताना 'काय' एवढंच ऐकू येतं. हसू नकोस. कधी कधी मात्र खरंच घटकाभर सगळं निवतं, आणि मग मला तुझी फार आठवण येते.

मॅट्रिक झाल्यावर आपण वाचनालयात बसून अर्ज खरडायचो, ते दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत. बुद्धाचं ते पाठ फाटलेलं चरित्र आपण हाती घेतलं ते काही ज्ञानाच्या ओढीनं नव्हे, बाहेर ऊन मी म्हणत होतं म्हणून. तू चौथ्या की पाचव्या पानावर थांबलास आणि म्हणालास, "आन्या, हा राजाचा पोरगा, याला खायला कमी नव्हतं, आणि यालाबी रात्री झोप लागत नव्हती." मला त्या दिवशी केवढा धीर आला होता! इतके दिवस वाटायचं, हे रात्रीचं जागणं आपल्या दोघांच्याच नालायकीमुळं आहे.

असो. तू दिवाळीनंतर निघालास. मी मागाहून येतो म्हणालो होतो. येणारच आहे.

आता तुझ्या कामाचं. आईबापांनी परवानगी दिल्याशिवाय दीक्षा नाही, आणि ती वैशाखी पौर्णिमेच्या आत आली पाहिजे, हे सगळं समजलं. कडोलीला जाऊन तुझ्या आईआप्पांना विचारायचं आणि त्यांचा होकार लिहून पाठवायचा, एवढंच ना? जातो. अजून गेलो नाही. एकदा सायकल मिळाली नाही, आता संक्रांत तोंडावर आली. शनिवारच्या बाजारात तुझे आप्पा दिसले. रताळ्यांच्या ढिगाशेजारी बसून कुणाला तरी सांगत होते, "थोरला काशीकडं हाय. हापिसात. लई लांब पडतंय बगा." तू निघताना त्यांना जे सांगून गेलास तेच ते सांगत होते. मी कांदेवाल्याच्या मागून दुसऱ्या बोळात शिरलो. एवढी मोठी थाप मारून गेलास आणि ती निस्तरायला मला ठेवलंस. हे तुझ्या पंचशीलात कुठं बसतं?

रागावू नकोस. पुढच्या पंधरवड्यात नक्की जातो.

तुझा,
आनंद


अनगोळ
मंगळवार, ता. १६ फेब्रुवारी १९३७

प्रिय परशराम,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात तू काहीच न लिहिता नुसतं "कडोली?" एवढंच लिहिलंस, ते पाहून आई म्हणाली, पोरगं तिकडं जाऊन कंजूष झालं. कानटोपी पार्सलनं निघाली आहे.

रविवारी कडोलीला जाऊन आलो.

तुमच्या खळ्यावर मसूर पडली होती. तुझे आप्पा सुपानं उफणत होते. मला बघून लांबूनच ओरडले, "या आनंदराव! पोराचं पत्र आनलासा?" तुझी आई घरातून पदराला हात पुसत आली. मला घोंगडं घातलं, गूळपाणी दिलं. ते पाणी पिऊन होईपर्यंत मी पीकपाण्याचं काय काय विचारत राहिलो. मसुरीबद्दल मला आता तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

शेवटी आप्पांनीच विचारलं, "हापिसात कंचं काम करतोय त्यो?"

मी म्हटलं, "आप्पा, तो हापिसात नाही."

मग सगळं सांगितलं. बुद्धाचं सांगितलं, विहाराचं सांगितलं, पिवळ्या वस्त्रांचं सांगितलं. तू मला सांगायचास तसं सांगायला गेलो, पण मसुरीच्या भुसकटात उभं राहून अनित्य आणि दुःख असले शब्द तोंडातून निघेनात. जे निघाले ते मलाच खोटे वाटले. आप्पांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी बैरागी झालाय?"

"अजून नाही. तुम्ही दोघं होय म्हणालात तर होईल."

"आमास्नी इचारतोय? जाताना न्हाय इचारलं त्येनं."

मी म्हटलं, तिकडचा नियमच आहे तसा. मग तो नियम कसा झाला ती कथाही सांगितली: बुद्ध गेला, मग त्याचा भाऊ गेला, मग त्याचा लहानगा मुलगाही गेला, तेव्हा त्याचा म्हातारा बाप समोर येऊन म्हणाला, महाराज, हे दुखणं कातडं फोडून हाडापर्यंत जातं, यापुढं आईबापांना विचारल्याशिवाय कुणाचं पोर घेऊ नका. आप्पांनी लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, "शाना म्हनायचा त्यो बाप. पर नियम कवा झाला? पोरं गेल्यावरच न्हवं?"

परश्या, तू असतास तर काय उत्तर दिलं असतंस?

मग ते माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "काय चुकलं रं आमचं? नांगराला हात लावू दिला न्हाय म्हून? शिकलेलं पोरगं मातीत बघून गाव हसंल म्हून न्हाय दिला. दोन वर्सं त्यो सोप्यात नुसता बसून ऱ्हायला, मला काय दिसत न्हवतं व्हय? लई वाटायचं, उठ म्हनावं, चल म्हनावं संगं. जीभ रेटली न्हाय. आता लिव्ह त्येला. ये म्हन. धर म्हन नांगर. हसंना का गाव."

मी विचारलं, "मग नाही म्हणून कळवू का?"

"न्हाय म्हनत न्हाय मी. व्हय बी म्हनत न्हाय. ज्येला आपलं पोरगं कळलं न्हाय त्येनं हुकूम कसला द्यायचा?" असं म्हणून पुन्हा सूप उचललं. वारा पडला होता. तरी ते उफणत राहिले आणि भुसकट त्यांच्याच अंगावर येत राहिलं. मी कागद आणि अंगठ्यासाठी शाई नेली होती, ती खिशातून काढलीच नाही.

तुझी आई विशेष काही बोलली नाही. तू जेवतोस काय, एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं. मग ती आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. कामात असेल.

म्हणजे आप्पांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तूच त्यांना सविस्तर पत्र लिही. मी पुन्हा जाईन, पण मला वाटतं काही दिवस जाऊ द्यावेत. माझ्या येण्याचं विचारलंस. मार्चपर्यंत एकदोन अर्जांचा निकाल लागेल, मग बघू. खंदकाकडं हल्ली जाणं होत नाही. डास फार झाले आहेत.

तुझा,
आनंद


अनगोळ
शनिवार, ता. १७ एप्रिल १९३७

परशराम,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो. थेर आता थांबायला तयार नाहीत, या वैशाखी पौर्णिमेला दीक्षा झाली नाही तर तुला विहारात नुसतं ठेवून घेता येणार नाही, हे सगळं वाचलं. आता लिहितो ते पुरतं वाच आणि मग काय करायचं ते कर.

मागच्या पत्रात तुझ्या आईबद्दल मी दोन ओळीत उरकलं. तू जेवतोस काय, असं तिनं विचारलं होतं. मी सांगितलं, पात्र घेऊन दारोदार जाईल, लोक घालतील ते खाईल. ती म्हणाली, "मागून?" मी म्हटलं, "हो मावशी, भिक्षा मागून." आणि खरं सांगतो, आप्पांपुढं माझी बोलती बंद झाली होती, तेव्हा निदान हे तरी मी जरा ऐटीत सांगितलं. जगातली मोठमोठी माणसं असंच जगली, वगैरे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो पाहिला आणि सायकल काढली.

काल शुक्रवारी सकाळी आमच्या दारात "उदे गं आई, उदे" अशी हाक आली. मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागणाऱ्या बायका येतातच. आई सुपलीत तांदूळ घेऊन गेली. मी आत दाढी करत होतो. आवाज पुन्हा आला आणि माझा हात थांबला.

तुझी आई होती. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आमच्या आईनं तिला कधी पाहिलेलं नाही. तिनं मूठभर तांदूळ परडीत घातले आणि वळली सुद्धा. मी तसाच साबण लावलेल्या तोंडानं बाहेर गेलो.

"मावशी!"

ती लाजली नाही. उलट बरं वाटल्यासारखी दिसली. म्हणाली, "आनंदा, तुजं घर हुडकतच आलतो." तिला ओट्यावर बसवलं. पाणी सुद्धा घेईना. पाच घरं मागून झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे तिसरं घर, म्हणाली. कडोलीहून चालत आली होती. गावात मागितलं तर आप्पांची मान खाली जाते, म्हणून बेळगावात येते. मसूर घरात आली तेव्हापासून तिचं हे चाललं आहे.

तुला ही गोष्ट ठाऊक आहे का? मला नव्हती. तू तान्हा असताना तुला मोठा ताप आला होता. तेव्हा तिनं सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलून घेतलं होतं, पोर जगलं तर तुझ्या नावानं चैत्री पुनवेपर्यंत दर मंगळवार-शुक्रवारी पाच घरं जोगवा मागीन. तू जगलास. पण तुझ्या आप्पांनी मागू दिलं नाही. आपल्या घराण्यात कुणी परडी धरली नाही म्हणाले. ते तसंच राहून गेलं. आणि आता मी येऊन सांगून गेलो की पोरगा दारोदार मागून खाणार आहे. ती तडक नागुबाई जोगतिणीकडं गेली. नागुबाई म्हणाली, "तू परडी धरली न्हाईस, म्हून पोरानं उचलली."

मी तिला म्हटलं, "मावशी, तसं काही नाही. यात देवीचा कोप नाही. तो स्वतःच्या मनानं गेला आहे."

ती म्हणाली, "सोताच्या मनानं कोन भीक मागतं रं, आनंदा?"

इतकी पुस्तकं वाचली आपण. त्यातलं एक वाक्य मला त्या ओट्यावर आठवलं नाही. आठवलं असतं तरी बोलवलं नसतं. तिचे पाय धुळीनं भरले होते, एका टाचेला चिंधी बांधलेली होती.

मी शेवटी परवानगीचं विचारलं. विचारायला नको होतं, पण तुझं "कडोली?" डोक्यात घणासारखं बसत होतं. म्हटलं, "परशराम तुमचा होकार मागतो आहे. काय कळवू?"

"व्हय म्हन की," ती म्हणाली. "कशाला आडवू मी? लिव्ह त्येला, आता तुला मागाय नगं. तुज्या वाटचं मी मागतोय. चैताच्या पुनवंला डोंगरावर जाऊन फेडून येतो, मग सुटला त्यो. मग कुटं बी ऱ्हा म्हन, काय बी कर म्हन. पर घरला येऊन जेवून जा म्हनावं."

तर तुझ्या आईनं होय म्हटलं आहे. अगदी तोंडानं म्हटलं आहे, माझ्यासमोर. त्या नियमात होकार कशासाठी दिला असं विचारतात का, मला माहीत नाही. मी नुसतं "आईची संमती आहे" एवढंच लिहून पाठवलं असतं तर खोटं झालं नसतं. दाढीचा साबण अर्धवट सुकेपर्यंत मी तोच विचार करत होतो. पण तिनं कशाला होय म्हटलं आहे ते तुला कळल्याशिवाय तू केस उतरवावेस हे मला सोसणार नाही. आणि आप्पा अजून होय नाही आणि नाहीही नाही. शनिवारच्या बाजारात येणं त्यांनी बंद केलं आहे.

ती उठून पुढच्या घराच्या दाराशी गेली. आमची शेजारीण आतूनच ओरडली, "हात रिकामा न्हाय, म्होरं जा!" तुझी आई घटकाभर उभी राहिली, पदर सारखा केला आणि खरंच पुढं गेली. मी ओट्यावरून बघत होतो. ही माझ्या मित्राची आई आहे, हिच्या घरी बैलजोडी आहे, असं त्या शेजारणीला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा नवस मोडला असता का? मला आता कशातलंच काही कळत नाही, परश्या.

आईला मी नंतर सगळं सांगितलं. तिनं रिकामी सुपली जागेवर ठेवली. मग म्हणाली, "मंगळवारी ती परत आली तर मी काय करू? ओळखीच्या बाईला मूठभर कसं घालू? आणि जास्त घातलं तर तिला नाही का कळणार?"

मंगळवारी मी इथं नसेन. निपाणीच्या वखारीतली जागा मी घेतली आहे, सोमवारी सकाळच्या मोटारीनं जातो. हेही तुला महिनाभर लिहीन लिहीन म्हणत राहिलो. मी सारनाथला येत नाही. तुझ्या आईला बघून मन बदललं असं लिहिलं असतं तर मला शोभलं असतं, पण मामांना होकार मी त्याआधीच धाडला होता. मला भीती वाटते एवढंच खरं. इथं राहायची वाटते, तिकडं यायची त्याहून जास्त वाटते. वखारीत निदान रोज सकाळी कुणीतरी सांगेल, ही पोती मोज. तू मला भित्रा म्हण. बुद्धाकडं मी शांती मागायला गेलो होतो की नुसती लपायला जागा, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि तुझ्याबद्दलही मी ते कधी विचारलं नाही. आता तू स्वतःला विचार.

तू ये असं मी म्हणत नाही. आलास तर पुन्हा त्याच सोप्यात बसणार, हे मला दिसतं. येऊ नको असंही म्हणवत नाही. तुझ्या आप्पांसारखंच झालं माझं.

तिला काय सांगायचं ते तूच सांग. देवी नाही, कोप नाही, तू मागतोस त्यात लाज नाही, तिनं उन्हातून चालत येऊ नये, हे सगळं मला समजावता आलं नाही. तू पत्र लिहून समजावशील म्हणून तुमच्या घरचा पत्ता घातलेलं पाकीट मी या पत्रासोबत पाठवणार होतो, काढूनही ठेवलं होतं. मग ध्यानात आलं. पत्र कडोलीला पोचेल, आप्पा ते देवाच्या फळीवर ठेवतील, आई त्याला हळदकुंकू लावील. त्या घरात वाचता येणारा एकटा तूच होतास.

तुझा,
आनंद